बदनामी, मानहानी, अब्रूनुकसानी: नोटिशीत कोणता शब्द?

प्रश्न असा आला आहे: समाजमाध्यमावरच्या मजकुराबद्दल नोटीस लिहिताना 'बदनामी', 'मानहानी', 'अब्रूनुकसानी' आणि 'अवमान' हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात का?

बोलण्यात चालतात, कागदावर नाही.

कायद्याचा मराठी शब्द अब्रूनुकसानी. संविधानाच्या अनुच्छेद १९(२) मध्ये भाषण व अभिव्यक्ती स्वातंत्र्यावरच्या वाजवी निर्बंधांची कारणे मोजून दिली आहेत, त्यांत न्यायालयाचा अवमान आणि अब्रूनुकसानी ही दोन वेगवेगळी आहेत. म्हणून 'शेजाऱ्याने माझा अवमान केला' असे नोटिशीत लिहू नये. कायद्याच्या भाषेत अवमान म्हटले की आधी न्यायालय डोळ्यांसमोर येते, आणि त्यासाठी १९७१ चा स्वतंत्र कायदा आहे.

'अब्रू' फारसीतून आला: आब म्हणजे पाणी, तेज आणि रू म्हणजे चेहरा. चेहऱ्यावरचे पाणी. (मराठीत पहिला स्वर ऱ्हस्व झाला. फारसीत ऱ्हस्व 'अ'चा अब्रू म्हणजे भुवई, पण भुवईच्या नुकसानीचा दावा अजून तरी कोणी लावलेला नाही.) चेहरा दुसऱ्यांना दिसतो, कायद्याची कल्पनाही तीच. तुम्हाला काय वाटले यापेक्षा इतरांच्या नजरेत तुम्ही उतरलात का, हे पाहिले जाते. त्यामुळे कोणी फक्त तुम्हालाच खासगी संदेशातून शिव्या घातल्या तर तो अपमान. तोच मजकूर गटावर टाकला की तो 'प्रसिद्ध' झाला. इथे 'प्रसिद्ध करणे' म्हणजे छापणे नव्हे, तिसऱ्या माणसापर्यंत पोचवणे.

'मानहानी' संस्कृत घडणीचा, हिंदी बातम्यांमुळे फोफावलेला. मराठीत त्याचा रोख मनाला लागलेल्या नामुष्कीकडे आहे. संघाचा पराभव मानहानीकारक असतो, अब्रूनुकसानीकारक नसतो. 'बदनामी' हा परिणाम, म्हणजे नाव खराब होणे. ती खऱ्या बातमीनेही होते, म्हणून एकट्या त्या शब्दावर दावा उभा राहत नाही.

वाक्याच्या घडणीकडे नीट बघा. 'खजिनदार मूर्ख आहे' हे मत झाले. 'खजिनदाराने दुरुस्तीनिधीतले पैसे खाल्ले' हा आरोप. शेवटी 'म्हणे' जोडले, प्रश्नचिन्ह लावले, 'असे ऐकले' म्हटले, तरी तो आरोपच. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ चे (पूर्वीचे भारतीय दंड संहितेचे कलम ४९९, ५००) स्पष्टीकरण तर उपरोधालाही धरते: 'आमचे खजिनदार इतके प्रामाणिक, की निधी स्वतःच्या खात्यात जपून ठेवतात' हे सुटत नाही. आणि व्याख्येत आरोप करणारा व तो प्रसिद्ध करणारा असे दोघेही असल्याने 'जसे आले तसे पुढे पाठवले' ही ढाल कागदी आहे.

'पण ते खरेच आहे' हे उत्तर दिवाणी दाव्यात पुरते. फौजदारीत ते खरे असून शिवाय लोकहितासाठी सांगितलेले असावे लागते.

क्रियापदेही सांभाळा. अब्रूनुकसानीचा दावा दिवाणी न्यायालयात लावतात, तो भरपाईसाठी, आणि मुदत एक वर्ष. फौजदारीत दंडाधिकाऱ्यांसमोर खासगी फिर्याद करतात. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधा कारावास, दंड, दोन्ही, किंवा समाजसेवा. 'पोलिसांनी अब्रूनुकसानीचा गुन्हा दाखल केला' हे वाक्य बातमीत सर्रास दिसते, पण गुन्हा अदखलपात्र आहे, म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. ठाण्यात फार तर अदखलपात्र नोंद होते, आणि तिथेच थांबलेले लोक मुदत घालवून बसतात.

राहिला 'मनस्ताप', नोटिशींचा लाडका. भरपाई मागताना जरूर लिहा, पण तो गुन्ह्याचा आधार नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ ऑनलाइन मजकुराने झालेल्या निव्वळ त्रासालाही शिक्षा देत होते. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी ते रद्द केले. एक मोठे कारण शब्दांचेच होते: 'त्रास', 'गैरसोय' यांना हद्दच नव्हती.