गढीत ग्रामपंचायत भरवावी का?

प्रश्न : आमच्या गावातील जुनी गढी ग्रामपंचायतीला देण्यास वारसदार तयार आहेत. देवडी (प्रवेशद्वाराची जागा) व सदर (बैठकीची जागा) शाबूत आहेत, दोन बुरूज ढासळले आहेत. काही सदस्य सगळे पाडून नवी इमारत बांधा म्हणतात. काही म्हणतात, जर्मनीत किल्ल्यातून नगरपालिका चालते, मग आपल्याकडे का नको? आपले मत काय?
– एक वाचक, औसा तालुका

उत्तर : जर्मनीचे उदाहरण खरे आहे. कोलोनजवळच्या बेन्सबर्ग येथे गोटफ्रीड ब्योम या वास्तुविशारदाने १९६० च्या दशकात मध्ययुगीन किल्ल्याच्या अवशेषांतच नगरपालिकेची इमारत उभारली. जुने बुरूज जागच्या जागी राखून पडलेल्या भागात त्यांनी उघड्या काँक्रीटचे बांधकाम केले, आणि नवे काम जुने भासावे असा आव आणला नाही. (त्या काँक्रीटला लोकांनी नावेही ठेवली.)

तो किल्ला दगडाचा. आपल्या गढ्यांच्या भिंती मात्र बहुधा खाली दगडी आणि वर पांढऱ्या मातीच्या असतात. अशा भिंतीला सिमेंटचा गिलावा केला की आत शिरलेली ओल बाहेर पडत नाही, माती आतल्या आत भुसभुशीत होते आणि एखाद्या पावसाळ्यात गिलाव्यासह भिंतीचा पापुद्रा सुटून येतो. म्हणून चुन्याचाच गिलावा करावा. माळवदावर (लाकडी तुळयांवरच्या सपाट छतावर) आधीच मातीचा थर असतो, त्यावर पाण्याची टाकी चढवणे म्हणजे तुळयांचा अंत पाहणे होय. दप्तराची लोखंडी कपाटे तळमजल्यावर, तीही भिंतीपासून हातभर दूर असावीत.

माझे मत असे की सदरेत ग्रामसभा भरवावी, देवडीतून लोकांची ये-जा राहू द्यावी, आणि ग्रामसेवकाची खोली, संगणक व स्वच्छतागृह बुरूज ढासळलेल्या मोकळ्या जागेत, जुन्या भिंतींना न टेकणाऱ्या साध्या नव्या बांधकामात न्यावे. ढासळलेल्या बुरुजांची माती कोणी शेतात नेत असेल, तर ते मात्र आजच थांबवावे, कारण डागडुजीला तीच लागणार आहे.

ठरावापूर्वी गढी केंद्र वा राज्य पुरातत्त्व विभागाची संरक्षित वास्तू नाही ना, याची लेखी खात्री करून घ्यावी. तशी असल्यास परवानगीविना खिळाही ठोकू नये. नसल्यास सर्व वारसांच्या सह्यांचे नोंदणीकृत दानपत्र घ्यावे. नमुना ८ वर (ग्रामपंचायतीच्या कर आकारणीच्या नोंदवहीत) केवळ ग्रामपंचायतीचे नाव चढले म्हणजे मालकी आली, असे होत नाही.