घागरीतली माती फेकू नकोस

प्रिय मुली,

हरियाणातल्या राखीगढीच्या, म्हणजे हडप्पाकालीन शहरातल्या सांगाड्यांच्या, डीएनएबद्दल वाचून तुला हाडांचा अभ्यास करावासा वाटतोय, हे कळलं. जरूर कर. पण तिथे साठाहून जास्त नमुने तपासले, तेव्हा जेमतेम एकाने साथ दिली. आपल्या उष्ण हवेत डीएनए टिकत नाही. दात टिकतात. तू दातांपासून सुरुवात कर.

शिरूरजवळच्या इनामगावच्या उत्खननाचा अहवाल आधी वाच. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ तिथे खणलं. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची वस्ती. दगावलेली लहान मुलं घरातच, जमिनीखाली पुरलेली. दोन घागरी आडव्या, तोंडाला तोंड लावून, आणि आत मूल.

तशीच एक घागर दुसऱ्या एका जागी मला पहिल्यांदा रिकामी करायला मिळाली. दिसतील ती हाडं उचलली आणि आतली माती घमेल्याने ढिगाऱ्यावर टाकून मोकळा झालो. संध्याकाळी माझ्या सरांनी काही न बोलता चाळण हातात दिली. अंधार पडता पडता सापडलं: हरभऱ्याच्या फोलपटाएवढं, आतून पोकळ. न उगवलेल्या दुधाच्या दाढेचं शिखर! बाळाचं वय त्यावरून महिन्यांच्या हिशेबात काढता येतं. दाताचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि जन्मरेषा, म्हणजे जन्माच्या वेळी दातावर उमटणारी बारीक रेघ, दिसली, तर बाळ जन्मल्यावर निदान काही दिवस जगलं होतं. एवढं सगळं मी फेकून आलो होतो.

तेव्हा घागरीतली माती स्वतः चाळ. हाडं पाण्याने धुऊ नकोस, भुगा होतो; बांबूची काडी आणि मऊ ब्रश पुरे. नवजात बाळाचा एकेक मणका तीन तुकड्यांत असतो, मोजताना फसशील. आणि एवढ्या लहान हाडांवरून मुलगा की मुलगी हे सांगू नकोस, कितीही आग्रह झाला तरी.

इनामगावच्या बहुतेक मोठ्या माणसांचे पाय घोट्याखाली नसतात. मेलेला भूत होऊन पळू नये म्हणून तोडले, हे सगळ्यांना तोंडपाठ. असेलही. पण असा सांगाडा समोर आला की आधी नडगीचं खालचं टोक बघ. तुटलेली कड बाकी हाडाच्याच रंगाची आहे का? फिकट असेल तर तो आपल्याच कुदळीचा प्रताप. कापल्याची खूण दिसते का? दिसेल तेवढं वहीत उतरव. भुताचं दुसऱ्या पानावर.

हिवाळ्यात खोदकामावर येशील तेव्हा बारीक जाळीची चाळण आण. चहाची गाळणीही चालेल, फक्त नंतर ती स्वयंपाकघरात परत नेऊ नकोस.

तुझा,
सर