समुद्र लांब, तरी नोंद कामाची

प्रश्न : मी सारंगखेड्याजवळच्या शाळेत शिकवते. किनाऱ्यावरचे लोक मोबाइलने फोटो काढून शास्त्रज्ञांना मदत करतात, असं वाचलं. आमच्या मुलांना असं काही जमेल का?

उत्तर : ताई, नक्की जमेल. तुम्ही वाचलंत तो बहुधा ‘कोस्टस्नॅप’ उपक्रम. २०१७ मध्ये सिडनीत सुरू झाला. किनाऱ्यावर मोबाइल ठेवायची पक्की बैठक असते. फोटो कुणीही काढो, कोन तोच. म्हणून किनारा किती सरकला ते मोजता येतं.

तुमची तापी ७२४ किलोमीटर वाहून सुरतेपुढे समुद्राला मिळते. किनाऱ्याला वाळू-गाळ पुरवतात त्या नद्याच, आणि तापीचा बराच गाळ वाटेत उकाई धरणात अडतो. ऑगस्ट २००६ मध्ये सुरत बुडालं तेही तापीच्याच पुरात. तेव्हा तुमच्या काठची नोंद परकी मुळीच नाही.

घाटाच्या वरच्या पायरीवर तेलरंगाने खूण करा. तिथूनच फोटो, आणि पुलाचा ठरलेला खांब दर वेळी चौकटीत हवा. तारीख-वेळ लिहाच. सारंगखेड्याच्या बॅरेजचे, म्हणजे नदीवरच्या दरवाजांच्या बंधाऱ्याचे, दरवाजे उघडे की बंद, हेही लिहा. नाहीतर पाणी पावसाने चढलं की अडवल्याने, हे कळणार नाही.

शाळेच्या अंगणात सरळ कडांचं पर्जन्यमापक ठेवा आणि सकाळी साडेआठला मोजा, हवामान खात्याची वेळ तीच. पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहायला लावा. रकाना रिकामा राहिला तर पाऊस नव्हता की मोजणारा, कसं समजणार?

पुरात मात्र मुलांना घाटावर अजिबात पाठवू नका. त्या दिवसाचा फोटो राहिला तरी चालेल.