कॉर्न स्नेकची अंडी अडकली तर

भावा, तुझ्या कॉर्न स्नेकच्या (पाळीव बिनविषारी साप) मादीची अंडी पोटात अडकली असतील, तर आधी हात लांब ठेव. पोट दाबून अंडं काढायला गेलास तर अंडनलिका फाटू शकते. मादी काही अंडी घालून थांबली, शेपटीकडच्या भागात गाठी दिसतात आणि ४८ तास गेले, की डॉक्टर गाठायचा. तोवर ओल्या स्फॅग्नम मॉसचा (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) झाकणाचा डबा अंडी घालायला दे, २८-२९ अंश ऊब ठेव, कोमट उथळ पाण्यात २० मिनिटं सोड. पुष्कळदा हा डबाच नसतो किंवा मॉस कोरडं पडलेलं असतं, म्हणून ती अंडी धरून ठेवते. लठ्ठ मादीही अडकते. ऑक्सिटोसिनचा (कळा आणणारं इंजेक्शन) सापांत भरवसा नाही, उशिरा तर नाहीच. मग सुईनं अंड्यातला द्रव ओढायचा, नाहीतर शस्त्रक्रिया. कोल्हापुरात म्हशी-कुत्र्यांचे डॉक्टर ढीगभर. सापाला हात लावणारा मात्र मादीनं अंड्यांआधीची कात टाकायच्या आधीच शोध. त्या कातीनंतर साधारण १० दिवसांत अंडी येतात.