विंडोज ११ अगदी जुन्या विंडोज ७ सारखं करता येतं का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांच्या दुकानातला विंडोज ७ चा कॉम्प्युटर अखेर गेला, नव्या लॅपटॉपवर विंडोज ११ आलं आणि आता ते रोज वैतागतात. म्हणून तो हुबेहूब जुन्यासारखा करून हवाय.

हुबेहूब नाही होणार. पण वैताग थांबेल इतपत नक्की होईल, आणि त्यातलं बरंचसं काहीही डाउनलोड न करता होतं.

ओळखीपाळखीच्यांचे असे बरेच लॅपटॉप मी लावून दिलेत. सगळे म्हणतात ‘जुनं दिसायला हवं’, पण अडतं ते हाताच्या सवयीपाशी. वर्षानुवर्षं विंडोज वापरलेला माणूस स्टार्टचं बटण बघून दाबत नाही. माउस डाव्या कोपऱ्यात खाली ढकलतो आणि क्लिक करतो, नजर समोरच्या गिऱ्हाइकाकडे असते. विंडोज ११ मध्ये स्टार्ट मधे सरकलंय आणि त्या कोपऱ्यात हवामानाचं विजेट येऊन बसलंय. क्लिकही लागत नाही, माउस नुसता तिथे रेंगाळला तरी बातम्यांचा भलामोठा पडदा उघडतो. बिल करायला बसलेल्या माणसापुढे क्रिकेटचा स्कोअर आणि नटनट्यांच्या भानगडी! तिथेच त्यांचं डोकं फिरत असणार.

म्हणून सुरुवात टास्कबारपासून, म्हणजे स्क्रीनच्या तळाशी असलेल्या पट्टीपासून करा. टास्कबारवर राइट क्लिक करून टास्कबार सेटिंग्ज उघडा. विजेट्स बंद करा, टास्क व्ह्यू बंद करा, सर्च लपवा. खाली ‘टास्कबार बिहेवियर्स’ मध्ये अलाइनमेंट ‘लेफ्ट’ करा. तिथेच बटणं एकत्र करण्याचा पर्याय आहे, तो ‘नेव्हर’ वर ठेवा, म्हणजे उघडलेल्या प्रत्येक खिडकीचं नाव खालच्या पट्टीवर वाचता येतं. ही सोय विंडोज ११ आलं तेव्हा, २०२१ मध्ये, काढून टाकली होती. लोकांनी इतकी ओरड केली की २०२३ मध्ये परत द्यावी लागली.

मग डेस्कटॉप. पर्सनलायझेशनमधल्या थीम्समध्ये ‘डेस्कटॉप आयकॉन सेटिंग्ज’ आहे, तिथे कॉम्प्युटर आणि कंट्रोल पॅनेलवर टिक करा. ‘माय कॉम्प्युटर’ आता ‘धिस पीसी’ झालंय. आयकॉनवर एफ२ दाबून जुनं नाव घातलं की झालं. फाइल एक्सप्लोररच्या फोल्डर ऑप्शन्समध्येही ‘होम’ ऐवजी ‘धिस पीसी’ उघडेल असं करा, म्हणजे सी आणि डी ड्राइव्ह लगेच समोर येतील.

राइट क्लिकचा मेनू हे दुसरं मोठं दुखणं. कट, कॉपी, रीनेम वगैरे वरच्या पट्टीत छोट्या चित्रांवर गेलंय. आधी तर त्या चित्रांखाली नावंही नव्हती, ती २४एच२ या आवृत्तीत आली. बाकीचं बरंच काही ‘शो मोअर ऑप्शन्स’ च्या आत. शिफ्ट धरून राइट क्लिक केलं की जुना पूर्ण मेनू थेट उघडतो. हे वडिलांना लक्षात ठेवायला सांगू नका, राहणार नाही. विनएरो ट्वीकर नावाचं फुकट टूल आहे, त्यात क्लासिक मेनू कायमचा चालू करता येतो. मुळात तो रजिस्ट्रीतला, म्हणजे विंडोज आपल्या सेटिंग्ज जिथे साठवतं तिथला, एवढासा बदल आहे, नको वाटला तर तसाच काढताही येतो.

आता खुद्द स्टार्ट मेनू. त्यासाठी ओपन-शेल टाका, फुकट आहे. २०१२ मध्ये विंडोज ८ मधून मायक्रोसॉफ्टने स्टार्टचं बटणच काढलं, तेव्हा क्लासिक शेल नावाच्या प्रोग्रॅमने लोकांना तारलं होतं. त्याचे कर्ते इव्हो बेल्त्चेव्ह २०१७ च्या शेवटी थांबले, पण जाताना सोर्स कोड मोकळा करून गेले. ओपन-शेल हा त्याचाच पुढचा अवतार. तो मूळ टास्कबारची मोडतोड करत नाही, म्हणून मला तो सर्वांत बिनधोक वाटतो. त्यात ‘विंडोज ७ स्टाइल’ निवडली की डावीकडे प्रोग्रॅम, उजवीकडे डॉक्युमेंट्स आणि कंट्रोल पॅनेल, खाली शटडाउन, सगळं जागच्या जागी.

थोडे पैसे मोजायची तयारी असेल तर स्टार्टऑलबॅक याहून पुढे जातं. त्यात ‘रीमास्टर्ड ७’ नावाचं तयार रूपच आहे आणि टास्कबार स्क्रीनच्या वरच्या कडेलाही नेता येतो. एक्सप्लोररपॅचर फुकट आहे, पण दुकानाच्या मशीनवर मी ते टाकणार नाही. ते विंडोजच्या आत उरलेल्या विंडोज १० च्या टास्कबारला जागं करायचं. २४एच२ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो जुना कोडच काढला आणि पंचाईत झाली. विंडोजचा मोठा अपडेट आला की अशी टूल्स रुसतात. टास्कबार गायब, स्क्रीन काळी. तुम्हाला कंट्रोल-ऑल्ट-डिलीट, टास्क मॅनेजर, मग ते टूल काढून टाकणं जमेल. तुम्ही पुण्यात आणि वडील गावाकडे असाल, तर फोनवरून हे सांगून बघा!

आणि यूट्यूबखाली ‘फुल विंडोज ७ पॅक’ च्या लिंक असतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. ते विंडोजच्या मूळ फाइलींना हात घालतात, वर सोबत काय घुसवतील याचा नेम नाही. ज्या मशीनवर जीएसटीचे पासवर्ड आणि बँकेचं काम चालतं तिथे तर नकोच. खिडक्यांची काचेसारखी किनार नाही मिळाली तर नाही मिळाली. जुना वॉलपेपर मात्र जरूर लावा, त्याला काहीच लागत नाही आणि माणूस खूश होतो.

शेजारचा कोणी ‘सरळ विंडोज ७ च टाका’ म्हणेल. त्याचे सुरक्षेचे अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबले, विंडोज १० चा नेहमीचा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नव्या लॅपटॉपचे भाग विंडोज ७ वर चालवणारे ड्रायव्हर मिळणंही मुश्कील.

तुम्ही लिहिलेलं नाही, पण एक गोष्ट तपासून घ्या: दुकानाचा हिशोब कशात आहे? फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये कोणी तरी करून दिलेला डॉसचा (विंडोजच्या आधीच्या काळ्या पडद्याच्या सिस्टिमचा) प्रोग्रॅम असेल, तर वरचं सगळं करूनही तो चालणार नाही. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं आणि त्यात १६ बिटचे प्रोग्रॅम उघडत नाहीत. डॉसबॉक्स या डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये असे बरेच प्रोग्रॅम चालतात, फक्त प्रिंटरशी झगडावं लागतं. तसं असेल तर कमेंटमध्ये प्रोग्रॅमचं नाव आणि प्रिंटर कोणता ते लिहा, आणि तोवर जुन्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क भंगारात देऊ नका.