ई-क्लास, म्हणजे सरकारी जागेवर 20 वर्षांपासून राहतो, घरटॅक्सही भरतो, तरी घर पाडायची नोटीस आली. आता काय करू?

दादा, सगळ्यात आधी, नोटीस घेऊन गप बसू नका. माझं लहानपण यवतमाळकडच्या एका गावात ई-क्लासवरच गेलं, कुडाच्या भिंती अन् वर टिना. कापूस वेचायच्या दिवसात अशीच नोटीस आली होती. शेजारचे काका म्हणाले, हे दरवर्षीचंच आहे, काही होत नाही, अन् त्यांनी उत्तर दिलंच नाही. जेसीबी आला तेव्हा त्यांच्या घरचे सारे वावरात होते, ज्वारीची पोती, लेकरांची दप्तरं, सगळं मातीखाली गेलं. आमचं घर वाचलं काहून की आईनं गावातल्या मास्तरकडून अर्ज लिहून घेतला होता आणि स्वतः जाऊन पोच आणली होती. ती पोच अजूनही पेटीत आहे.

आता तुमचं. घरटॅक्सची पावती म्हणजे मालकी नाही, नमुना 8 वर, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरटॅक्सच्या नोंदीत, नाव असलं तरी नाही. पण पावतीवरच्या तारखेला वजन आहे. शासनानं 16 फेब्रुवारी 2018 ला निर्णय काढला की ग्रामीण भागात सरकारी जागेवरची 1 जानेवारी 2011 पर्यंतची राहती घरं नियमानुकूल करायची, त्यामुळे तुमचं घर तेव्हा उभं होतं हे दाखवणारा प्रत्येक कागद शोधा, जुन्या पावत्या, लाइटबिल, मतदार यादी, लेकरांचे शाळेचे दाखले, जे सापडेल ते.

मग तलाठ्याकडून सातबारा काढा आणि जागा कशासाठी राखीव आहे ते बघा, कारण सगळं त्यावर अडतं. चराईची असेल तर अवघड आहे, खोटी आशा लावत नाही. जगपाल सिंग केसमध्ये 2011 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की खूप वर्षं राहिलो, पैसा घातला, एवढ्यावर गावाच्या सामाईक जमिनीवरचा कब्जा नियमित होत नाही. पण सरकारनं भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना रीतसर पट्टा दिला असेल तर तिथं सूट ठेवलीय. म्हणून घरात कुठं जुना पट्टा आहे का, म्हाताऱ्या माणसांना विचारा. नागपूर विभागात असाल आणि सातबाऱ्यावर झुडपी जंगल लिहिलं असेल तर ते सुप्रीम कोर्टाच्या मे 2025 च्या निकालाप्रमाणे जंगलच धरलं जाते, त्याचा रस्ता वेगळा.

लोक सांगतील, कोर्टानं बुलडोझर बंद केला. तसं नाही. 13 नोव्हेंबर 2024 च्या निकालात सुप्रीम कोर्टानं 15 दिवसांची नोटीस आणि सुनावणी सांगितली, पण रस्ता, फुटपाथ, रेल्वेलाइन, नदी-तलावाला लागून असलेल्या बांधकामाला ते लागू नाही. मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांची ओल्गा टेलिस केस 1985 ची, त्यात पोट भरण्याचा हक्क जगण्याच्या हक्कातच येतो असं कोर्ट म्हणालं, तरी फुटपाथवर राहायचा हक्क काही दिला नाही, त्या वर्षी पावसाळ्यात हटवू नका, 31 ऑक्टोबरपर्यंत थांबा असं सांगितलं. मला ते वाचून लई वाईट वाटलं होतं. कापूस वेचायला मजूर सगळ्यांना पाहिजे, पण त्यानं पाठ टेकायची कुठं हे कोणी विचारत नाही.

तर उत्तर लेखीच द्या, सुनावणी मागा, पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. तालुका विधी सेवा समितीत फुकट वकील मिळतो, बाईच्या नावानं किंवा एससी-एसटी म्हणून अर्ज केला तर उत्पन्नही बघत नाहीत. घरकुल मंजूर आहे पण जागा नाही असं असेल तर पंचायत समितीत पंडित दीनदयाळ उपाध्याय जागा खरेदी योजनेचं विचारा.

नोटिशीची तारीख, कोणत्या ऑफिसची आहे आणि सातबाऱ्यावर काय लिहिलंय एवढं खाली टाका, उत्तराचा अर्ज मी लिहून देतो.