सांतोरिनीचा एक दिवस कोणाच्या हाती द्यावा?

वाचकांचे प्रश्न : प्रवास

ग्रीसला जाणाऱ्या वाचकांची बरीच पत्रे या महिन्यात आली आणि त्यांतील बहुतेकांना सांतोरिनी बेटासाठी एकच दिवस मिळणार आहे. त्यांपैकी पाच पत्रे निवडून उत्तरे देत आहे.

प्रश्न : आम्ही दोघे निवृत्त शिक्षक असून ऑक्टोबरमध्ये अथेन्सजवळच्या बंदरातून क्रूझने निघणार आहोत. जहाज सांतोरिनीला सकाळी पोहोचते आणि संध्याकाळी निघते. जहाजावरून मिळणारी सहल पन्नास जणांच्या बसची आहे. बाहेरच्या एका कंपनीची दहा-बारा जणांची सहल जवळजवळ दीडपट दराची आहे. जास्तीच्या पैशांत नेमके काय मिळते? – एक दांपत्य, पुणे

उत्तर : आपण दरांची तुलना केली आहे, मी आपल्याला वेळेची आणि मार्गदर्शकाची तुलना करण्याचा आग्रह करीन. सांतोरिनीचे मुख्य बेट जेमतेम ७६ चौरस किलोमीटरचे आहे. उत्तरेच्या टोकाला ईआ (आपल्याकडे नकाशा वाचून ‘ओइया’ म्हणतात, स्थानिक लोक ‘ईआ’च म्हणतात), मध्यावर फिरा हे मुख्य गाव आणि दक्षिणेला अक्रोतिरी, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेलेले आणि उत्खननात सापडलेले प्राचीन गाव. अंतरे थोडी असली तरी दिवस मोठ्या बसमध्येच संपतो, कारण पन्नास माणसे चढायची, उतरायची, मोजायची म्हटले की प्रत्येक थांब्यावर वेळ जातो. मेगालोहोरी किंवा एम्पोरिओसारख्या जुन्या गावांच्या गल्ल्यांत पन्नास जणांचा घोळका नेणे हेच अवघड असते, त्यामुळे अशी गावे मोठ्या सहलीच्या कार्यक्रमातून सहसा गळतात. छोट्या गटाचा हा लाभ खरा आहे, पण तो दुय्यम आहे.

खरा प्रश्न असा आहे की, आपल्याबरोबर फिरणारी व्यक्ती कोण आहे. ग्रीसमध्ये पर्यटक-मार्गदर्शक हा परवाना असलेला व्यवसाय आहे. परवानाधारक मार्गदर्शकाला इतिहास आणि पुरातत्त्व यांचे रीतसर शिक्षण असते आणि त्याच्याजवळ ओळखपत्र असते. याउलट छोट्या गटांच्या अनेक सहलींत गाडी चालवणारी व्यक्तीच माहिती सांगते. ती व्यक्ती प्रेमळ असते, बेटावरचीच असते, कोणत्या वळणावरून समुद्र सुंदर दिसतो हे तिला ठाऊक असते. पण पुरातत्त्वीय स्थळाच्या दाराशी तिचे काम थांबते. जाहिरातीत मात्र दोघांनाही ‘गाइड’ असेच म्हटलेले असते.

हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते. पहिल्या खेपेस मी अशाच एका सहलीने गेले होते. अक्रोतिरीच्या दाराशी चालकाने हसून चाळीस मिनिटे दिली आणि तो गाडीत जाऊन बसला. आत आम्ही नऊ जण लाकडी फळ्यांच्या मार्गावरून फिरलो, तपकिरी भिंती पाहिल्या, मोठमोठे रांजण पाहिले आणि काहीही न कळता बाहेर आलो. पुढच्या खेपेस परवानाधारक मार्गदर्शक बाईंबरोबर त्याच जागी दीड तास गेला. त्यांनी आम्हांला एका दगडी जिन्यापाशी उभे केले. त्याच्या जवळजवळ प्रत्येक पायरीला मधोमध तडा गेलेला आहे. तो तडा ज्वालामुखीचा नव्हे, त्याच्या आधी झालेल्या भूकंपाचा आहे. त्या भूकंपानंतर लोक परत आले, ढिगारे उपसू लागले, घरातले पलंग बाहेर आणून ठेवले. मग उद्रेक झाला आणि सगळे राखेखाली गेले. पलंगांचे लाकूड कुजून राखेत पोकळी उरली होती; तिच्यात प्लास्टर ओतून उत्खननकर्त्यांनी पलंगांचे आकार परत मिळवले. वरच्या मजल्यावरच्या शौचकूपाचे पाणी भिंतीतल्या नळातून रस्त्याखालच्या गटारात जात असे, हेही त्यांनी बोट दाखवून समजावले. सुमारे ३६०० वर्षांपूर्वीचे हे दोन-तीन मजली गाव. इथे आजवर एकही मानवी सांगाडा सापडलेला नाही, म्हणजे माणसे वेळेत निघून गेली असावीत. हे ऐकल्यावर त्याच रांजणांकडे आपण निराळ्या नजरेने पाहतो. ग्रीक पुरातत्त्वज्ञ स्पिरिदोन मारिनातोस यांनी १९६७ मध्ये इथले उत्खनन सुरू केले आणि १९७४ मध्ये याच जागी अपघातात त्यांचा अंत झाला. २००५ मध्ये छप्पर कोसळून एका पर्यटकाचा मृत्यू झाल्यावर हे स्थळ बंद होते. नवे छप्पर बांधून ते २०१२ मध्ये पुन्हा उघडले. संपूर्ण जागा छताखाली असल्याने उन्हाच्या वेळी तिथे असणेच सोयीचे पडते.

म्हणून पैसे भरण्यापूर्वी कंपनीला लिहून विचारा : परवानाधारक मार्गदर्शक अक्रोतिरीच्या आत आमच्याबरोबर येणार आहे का, तिथे किती वेळ मिळेल आणि प्रवेशशुल्क दरात धरले आहे का? (ते बहुधा धरलेले नसते.) ज्या कंपनीकडून या तिन्हींची सरळ उत्तरे येतात, तिला दीडपट दर आनंदाने द्यावा. एका दिवसात दहा ठिकाणे दाखवण्याचे आश्वासन देणाऱ्या सहलीपेक्षा चार ठिकाणे नीट दाखवणारी सहल मी केव्हाही निवडीन. स्थळाची साप्ताहिक सुट्टी आणि वेळा ऋतूनुसार बदलतात, हे बुकिंगच्या आधी तपासावे.

जहाजाने येणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. मोठी जहाजे समुद्रात नांगर टाकतात आणि प्रवासी लहान बोटींनी किनाऱ्यावर येतात. जहाजाच्या स्वतःच्या सहलींच्या प्रवाशांना बहुधा आथिनिओस बंदरात उतरवून तिथूनच बसमध्ये बसवतात; बाकीचे फिरा गावाखालच्या जुन्या बंदरात उतरतात आणि केबल कारने वर येतात. बाहेरची सहल घेतल्यास आपली भेट वर, केबल कारच्या बाहेर होईल. तीन-चार जहाजे एकाच दिवशी आली असतील तर परतीच्या रांगेत तास-दीड तास सहज जातो. तेव्हा शेवटच्या बोटीच्या किमान दोन तास आधी फिराला सोडणारी सहलच घ्यावी, कारण बाहेरच्या सहलीला उशीर झाला तर जहाज आपल्यासाठी थांबत नाही.

प्रश्न : आई शुद्ध शाकाहारी आहे, अंडेही खात नाही. सहलीतल्या जेवणाचे काय करावे? डबा न्यावा का? – एक वाचक, चंद्रपूर

उत्तर : थोडा सुका खाऊ जवळ असू द्यावा, पण संपूर्ण डब्याची गरज नाही, आणि आपल्या आईंना तर या बेटावर चक्क ओळखीचे काही भेटेल. सांतोरिनीचा सर्वांत प्रसिद्ध पदार्थ ‘फावा’ हा पिवळ्या डाळीचा आहे. ती डाळ शिजवून, घोटून, घट्ट वरणासारखी करतात आणि वरून ऑलिव्हचे तेल, लिंबू, चिरलेला कच्चा कांदा आणि केपरच्या खारवलेल्या कळ्या घालतात. ही डाळ ज्या वनस्पतीची आहे ती आपल्या विदर्भातल्या लाखोळीच्या कुळातली, तिची जवळची बहीण म्हणावी अशी आहे. जात मात्र वेगळी आहे. पावसाशिवाय, राखेच्या जमिनीत येणारे हे पीक बेटावर फार पूर्वीपासून घेतले जाते. शिवाय बेटावरच्या लहान, घट्ट टोमॅटोंची पुदिना घातलेली भजी मिळतात, त्यांना ‘दोमातोकेफ्तेदेस’ म्हणतात. पांढरी वांगीही मिळतात. भज्यांत काही जण अंडे किंवा चीज घालतात, म्हणून विचारून घ्यावे.

विचारताना ‘व्हेजिटेरियन’ या एका शब्दावर विसंबू नये. ग्रीक ऑर्थोडॉक्स पंथात वर्षभरात उपवासाचे पुष्कळ दिवस असतात आणि त्या दिवशीच्या जेवणाला ‘निस्तीसिमो’ म्हणतात. त्यात मांस, अंडी, दूध वर्ज्य असते, मात्र कोळंबी, माकूळ, ऑक्टोपस चालतात. म्हणून ‘निस्तीसिमो’ म्हणून लगेच ‘होरिस थालासिना’, म्हणजे समुद्रातले काही नको, असे सांगावे. छोट्या गटात मार्गदर्शक हे स्वतः स्वयंपाकघरात जाऊन सांगून येतो. पन्नास जणांच्या ठरीव जेवणात ते होत नाही. सहल नोंदवतानाच हे लेखी कळवावे.

प्रश्न : माझे दोन्ही गुडघे दुखतात. पायऱ्या फार आहेत असे ऐकले. गाढवावरून चढता येते, हे खरे का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : जुन्या बंदरापासून फिरा गावापर्यंत जवळजवळ ५९० पायऱ्या आहेत आणि तिथे गाढवे व खेचरे भाड्याने मिळतात, हे खरे आहे. परंतु कृपया त्यांवर बसू नका. भर उन्हात गुळगुळीत झालेल्या दगडांवरून दिवसभर खाली-वर करणारी ती जनावरे पाहून माझ्या पोटात तुटले. २०१८ मध्ये ग्रीसच्या शासनाने त्यांच्यावर १०० किलो किंवा त्यांच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक भार घालण्यास मनाई केली. नियम करण्याची वेळ आली यातच सारे आले. केबल कार काही मिनिटांत वर पोहोचवते. पायऱ्यांनी चालतही जाऊ नये, कारण त्याच वाटेने जनावरांचे तांडे येतात आणि लेंडीने वाट निसरडी झालेली असते.

आपल्यासाठी छोटी गाडीच योग्य ठरेल. ईआमध्ये गाडी गावाच्या कडेला थांबते आणि कड्यावरची मुख्य संगमरवरी वाट बरीचशी सपाट आहे. खाली आमूदी बंदराकडे जाणाऱ्या पायऱ्या मात्र टाळाव्यात, तिथे गाडीनेही जाता येते. अक्रोतिरीतील मार्ग उताराचे आणि सोपे आहेत. पिर्गोस गावाचा किल्ला आपण सोडून द्यावा. पायथ्याच्या चौकात बसून कॉफी घ्यावी. गट लहान असला की मार्गदर्शक अशा बदलांना तयार असतो, मात्र ते सकाळीच सांगून ठेवावे.

प्रश्न : २०२५ मध्ये तिथे भूकंप झाले. ज्वालामुखी जागा आहे ना? मग बोटीने तिथे जाणारी सहल सुरक्षित आहे का, आणि घ्यावी का? – एक वाचक, फोंडा (गोवा)

उत्तर : ज्वालामुखी जागा आहे. आपण ज्याला सुंदर निळा उपसागर म्हणतो ते खरे तर त्याचेच कोसळलेले पोट आहे. जमिनीखालचा शिलारस उद्रेकात बाहेर पडला, वरचे छत आत ढासळले आणि समुद्र आत शिरला. आपले लोणार उल्कापाताने झाले, हे त्याच्या अगदी उलट, खालून झाले. या उपसागराच्या मधोमध नेआ कामेनी हे काळे बेट आहे. तिथला शेवटचा उद्रेक १९५० मध्ये झाला. २०२५ च्या जानेवारी अखेरीपासून सांतोरिनी आणि आमोर्गोस हे दुसरे बेट यांच्या दरम्यान हजारो लहान-मोठे धक्के बसले, हजारो लोक बेट सोडून गेले, आणि काही आठवड्यांनी धक्के ओसरल्यावर परतले. समुद्रतळाखाली शिलारस सरकल्यामुळे ते घडले, असे नंतरच्या संशोधनातून पुढे आले. बेटावर सतत मोजमाप चालते आणि धोका वाटल्यास प्रशासन सहली थांबवते. अशा वेळी पैसे परत मिळण्याची अट आधी वाचून घ्यावी, एवढीच काळजी पुरे.

घ्यावी का, हे तुमच्या दिवसावर अवलंबून आहे. नेआ कामेनीवर सावली नाही, वाट खडीची आहे, आणि ‘गरम झरे’ म्हणून दाखवतात ते कोमट, गंजाच्या रंगाचे पाणी असते, तिथे बोटीवरून उडी मारून पोहत जावे लागते. जुलै-ऑगस्टमध्ये मेल्तेमी हा उत्तरेचा वारा सुटला की बोटी रद्दही होतात. एकच दिवस असेल तर मी बोट सोडीन आणि जमिनीवर राहीन. तिथे याच राखेत वाढलेली द्राक्षे पाहायला मिळतात. नाशिकला आपण वेल मांडवावर चढवतो. इथे वारा इतका की वेल जमिनीलगत गोल गोल विणतात, अगदी डोक्यावर ठेवायच्या चुंबळीसारखी, आणि घड त्या चुंबळीच्या आत, वाऱ्यापासून आणि उन्हापासून लपलेले असतात. या विणलेल्या वेलीला तिथे ‘कुलूरा’ म्हणतात. वाइन घेत नसाल तरी त्या मळ्यात दहा मिनिटे वाकून बघावे.

प्रश्न : नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन दुबईहून येत आहोत. सूर्यास्ताची सहल घ्यावी की सकाळची? – एक वाचक, दुबई

उत्तर : सकाळची. ईआच्या जुन्या किल्ल्यावर सूर्यास्ताच्या दोन तास आधीपासून लोक जागा धरून बसतात, आणि मुलाला त्या गर्दीत माणसांच्या पाठीच दिसतील. सूर्यास्त हवाच असेल तर पिर्गोसच्या उंचीवरून किंवा अक्रोतिरीच्या दीपगृहाजवळून पाहावा.

मुलासाठी एक गोष्ट मात्र कार्यक्रमात मुद्दाम घालून घ्या. फिरा गावात प्रागैतिहासिक थेराचे (थेरा हे सांतोरिनीचेच जुने नाव) संग्रहालय आहे आणि तिथे अक्रोतिरीच्या भिंतीवरून काढलेले निळ्या माकडांचे चित्र आहे. ती उंच शेपट्या वर वळवून खडकांवरून उड्या मारत आहेत. मूळ ग्रीसमध्ये माकडे नव्हतीच. २०१९ मध्ये काही संशोधकांनी असे मत मांडले की, शेपटी धरण्याची ही ढब आपल्याकडच्या वानराची आहे, म्हणजे त्या काळी सिंधूच्या खोऱ्यापासून इथपर्यंत कशी ना कशी ओळख पोहोचली असावी. सर्वांना हे पटलेले नाही. माकड आणि वानर यांतला फरक मराठी घरातल्या मुलाला सांगावा लागत नाही. तेव्हा मार्गदर्शकाने बोलायच्या आधी त्यालाच विचारा, भिंतीवर आहे ते यांतले कोणते.